वाफसा कोण ओळखतं? ‘करण्या’विषयी जुने आणि नवे विचार

मृग निघाला की आमच्याकडे बांधाबांधावर एकच बोलणं चालतं: पेरायचं की थांबायचं? परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला ठरलेला असतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. आबांना हा आकडा रेडिओ ऐकून पाठ झाला होता. तरी पाऊस उघडला की ते रानात जायचे, टाचेनं वरची माती बाजूला करायचे, खालची मूठभर घेऊन तिचा लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचे. लाडू तसाच बसला तर रान अजून ओलं. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं झालं. वरच्या मुरमाड पट्टीत वाफसा आलेला असायचा, त्याच दिवशी खालच्या काळ्या रानात घोट्याएवढा पाय रुतायचा. आकडा एकच, रानं दोन.

पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाचं एक म्हणणं वाचलं आणि ही मूठ डोळ्यांपुढे आली. तो म्हणतो, वागण्याच्या बाबतीत कायमचा पक्का नियम सांगता येत नाही. वैद्य रोगी पाहून ठरवतो, नावाडी वारा पाहून ठरवतो, तसं प्रत्येकाला प्रसंग पाहूनच ठरवावं लागतं. माणसाच्या ‘करण्या’वर अडीच हजार वर्षं जो विचार चालला आहे, त्याचं एक टोक इथे सापडतं. ते धरून आजपर्यंत यायचं आहे.

मराठीत आपण सगळ्यालाच ‘करणं’ म्हणतो. स्वयंपाक करणं, लग्न करणं, विचार करणं, मदत करणं, मडकं करणं. क्रियापद एकच. ॲरिस्टॉटलनं (इ.स.पू. ३८४ ते ३२२) या गाठोड्याच्या तीन वाटण्या केल्या. पहिली थिओरिया, म्हणजे जाणणं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज आपण काहीही केलं तरी बदलत नाही, तिथे समजून घेणं एवढंच आपल्या हातात. दुसरी पोइएसिस, म्हणजे घडवणं. कुंभार मडकं घडवतो, विणकर लुगडं. त्यासाठी लागणाऱ्या कसबाला तो टेक्ने म्हणतो. तिसरी प्रॅक्सिस, म्हणजे वागणं. आणि नीट वागण्यासाठी जी जाण लागते ती फ्रोनेसिस. तिला ‘विवेक’ म्हणण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे विवेकाला नित्य-अनित्य निवडण्याचा अर्थ चिकटलेला आहे. मला ‘तारतम्य’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

घडवणं आणि वागणं यांत नेमका फरक काय? घडवण्याचा हेतू कामाच्या बाहेर असतो. मडकं भाजून निघालं की कुंभाराचं काम झालं. पाहायचं ते मडकं. वागण्याचा हेतू वागण्यातच असतो. गावात कुणाकडे मयत झाली की आपण जातो, ओसरीवर बसतो, दोन शब्द बोलतो किंवा तेही बोलत नाही, आणि उठून येतो. त्यातून काय निघालं, असं कुणी विचारत नाही. जाऊन बसणं हेच ते काम होतं.

या फरकाची त्यानं दिलेली एक खूण मला फार आवडते. कसबी कुंभारानं मुद्दाम वाकडं मडकं केलं तर त्याच्या कसबाला उणेपणा येत नाही. उलट न कळत चुकणारा कुंभार कच्चा. वागण्यात हे उलटं होतं. न कळत चुकलेल्याला आपण समजून घेतो, जाणूनबुजून वाईट वागलेल्याला नाही. म्हणून तारतम्य हे नुसतं कसब नव्हे. कसब वाईट कामालाही जुंपता येतं, तारतम्य येत नाही.

तारतम्याला अनुभव लागतो. पोरवयात माणूस गणितात हुशार होऊ शकतो, असं तो लिहितो, पण तारतम्य त्या वयात सापडत नाही. रागावणं सोपं आहे. पण योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढंच आणि योग्य कारणासाठी रागावणं अवघड आहे. दुष्काळातली विहीर आठवून पाहा. तळाला हातभर पाणी उरलेलं आणि वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन काठावर उभ्या. द्यावं हे कुणीही सांगेल. पण किती घागरी, कुणाला आधी, दावणीच्या जनावरांसाठी किती राखायचं, आणि ज्यानं गेल्या वर्षी बांध कोरला त्याच्या लेकराला परत पाठवायचं का? कोणत्याच पुस्तकात याचं उत्तर नाही. ‘द्यावं’ हे माहीत असणं आणि इथे, आत्ता, कसं द्यावं हे ओळखणं यांत जे अंतर आहे, त्या अंतरात तारतम्य राहतं.

इथपर्यंत ॲरिस्टॉटल घरातल्या वडीलधाऱ्यासारखा वाटतो. पुढे मात्र घास अडकतो.

त्याच्या राज्यशास्त्रात गुलामाला ‘जिवंत हत्यार’ म्हटलं आहे. उत्तम नगर कारागिराला नागरिक करणार नाही, असं तो लिहितो. आदर्श नगरात नागरिकानं शेतकरीही असू नये, कारण सद्गुणाला आणि राजकारणाला सवड लागते. त्या हिशेबानं आबा बाहेर. बाईकडे विचारशक्ती आहे, पण तिला अधिकार नाही, असंही त्याचं म्हणणं आहे. म्हणजे तारतम्याचं इतकं सुंदर वर्णन करणारा माणूस ते वापरण्याची जागा मूठभर सवडवाल्या पुरुषांना देऊन मोकळा होतो.

याच ग्रंथात एक वाक्य आहे: धोटा आपोआप विणू लागला असता, तर मालकांना गुलामांची गरज उरली नसती. पैठणच्या मागावर धोटा इकडून तिकडे जाताना पाहिला की मला हे वाक्य आठवतं. ॲरिस्टॉटलनंतर तीन-चारशे वर्षांनी एका ग्रीक जाणकारानं समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. तीत गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, अशी नोंद आहे. तेरहून कापड गाड्यांनी भडोचला जायचं आणि तिथून जहाजांत चढायचं. ग्रीक जगाला इथल्या हातांचं कापड हवं होतं. हातांना मात्र त्या तत्त्वज्ञानात नागरिकाची जागा नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दारानं आला. कर्म म्हणजे काय आणि अकर्म म्हणजे काय, याबाबत जाणतेही गोंधळतात, असं गीता चौथ्या अध्यायात म्हणते. वरवर पाहिलं तर गीता आणि ॲरिस्टॉटल एकच बोलतात असं वाटतं: फळाकडे पाहू नको, कर्माकडे पाहा. व्याख्यानांतून ही जोडी पुष्कळदा लावली जाते. मला ती पटत नाही. ॲरिस्टॉटलला फळाचं वावडं नाही. चांगल्या वागण्यातून भरलेलं, सुफळ आयुष्य त्याला याच जगात हवं आहे. गीतेची चिंता कर्मानं पडणाऱ्या बंधनाची आहे: करायचं तर आहे, पण गुंतायचं नाही, ते कसं? एकजण चांगलं कसं जगावं असं विचारतो, दुसरा मोकळं कसं राहावं असं विचारतो.

पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी हीच गीता १२९० मध्ये मराठीत आणली. अठराव्या अध्यायातली त्यांची ओवी आपण कीर्तनात ऐकतो: ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ आपलं काम हेच फूल, तेच वाहायचं. तेराव्या शतकातल्या मराठवाड्यात ही फुलं कोण वाहत होतं ते पाहा. गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता अनंताला गाते. ॲरिस्टॉटलच्या तिन्ही वाटण्यांत दळणाला जागा शोधायला गेलं तर सापडत नाही. ते गुलामाचं, घरातलं, मोजायचं नसलेलं काम. इथे जात्याच्या पाळीशी ज्ञान बसलेलं आहे.

आणि तेरचा गोरा कुंभार. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून तो थापटणं, म्हणजे मडकं ठोकायची लाकडी थापी, घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेला, कुणाचं मडकं भाजलेलं आणि कुणाचं कच्चं ते पाहायला. नामदेवांनी कुरकुर केली आणि ‘कच्चं’ ठरले. मग ते गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. लहानपणी आम्ही या गोष्टीत नामदेवांची फजिती तेवढी ऐकायचो. तिच्यातली खरी धीट गोष्ट वेगळीच आहे. कोण पक्का हे ठरवायचं हत्यार पोथी नसून थापटणं आहे. रोज मडकी वाजवून ज्याचा कान तयार झाला, त्याला माणसाचंही कच्चेपण ऐकू येतं. घडवण्याचं कसब आणि माणसं ओळखण्याचं तारतम्य यांच्यामध्ये ग्रीकांनी बांध घातला होता, गोरोबांच्या हातात तो बांध राहत नाही. बसवेश्वरांच्या शरणांचं ‘कायकवे कैलास’, म्हणजे श्रम हाच कैलास, हे वचन लातूर-उदगीरकडच्या घरांतून आजही ऐकू येतं. तेही याच बाजूचं.

पण ‘स्वकर्म’ या शब्दात एक काटा आहे आणि तो झाकून पुढे जाणं बरोबर नाही. स्वकर्म ठरवलं कुणी? कुंभाराच्या पोटी कुंभार, महाराच्या पोटी महारकी. काम हे फूल असेल, पण कोणी कोणतं फूल वाहायचं हे जन्मानं ठरत होतं आणि बलुत्याच्या हिशेबात ते पक्कं होत होतं. पंढरीच्या वाळवंटात सगळे सारखे झाले, तरी गावात परतल्यावर ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या गळ्यात तसंच होतं.

आता एका उडीत युरोपात. १६२० मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ बेकननं ज्ञानाची कसोटी त्याच्या उपयोगावर आणली. दुर्बिणीनं दाखवून दिलं की नुसतं पाहण्यासाठीही आधी काहीतरी घडवावं लागतं. जाणणं वर आणि करणं खाली, ही जुनी उतरंड डळमळली. ती पुरती उलटवली मार्क्सनं.

१८४५ मध्ये त्यानं फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञावर अकरा छोटी टिपणं लिहिली. ती छापली गेली १८८८ मध्ये, तो गेल्यावर, त्याचा सहकारी एंगेल्सच्या हातून. तत्त्वज्ञांनी जगाचा अर्थ लावला, प्रश्न ते बदलण्याचा आहे, हे अकरावं टिपण सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते पहिलं जास्त खोल आहे. तिथे तो म्हणतो, आतापर्यंतच्या भौतिकवाद्यांनी वस्तूकडे फक्त बघण्याची वस्तू म्हणून पाहिलं. ती माणसाच्या कृतीतून झालेली आहे हे त्यांना दिसलं नाही. त्याच सुमारास एंगेल्सबरोबर लिहिताना त्यानं चेरीच्या झाडाचं उदाहरण दिलं. युरोपातल्या माणसाला ते झाड निसर्गानं समोर ठेवलेलं वाटतं, पण तिथे ते व्यापारामुळे काही शतकांपूर्वी आलं.

आपल्याकडे चेरी नको, सोयाबीन घ्या. श्रावणात लातूरकडे निघालात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथपर्यंत हिरवं सोयाबीन दिसतं, आणि हे रान असंच असतं असं वाटतं. माझ्या लहानपणी याच रानांत खरीप ज्वारी, मूग, उडीद, कापूस होता. तेलाच्या गिरण्या, मोंढ्यातला भाव, पेंडीची मागणी, हातात लवकर पैसा देणारं पीक हवं असलेला कर्जबाजारी शेतकरी, या सगळ्यांनी मिळून तो हिरवा देखावा केला आहे. मार्क्सचं ‘प्रॅक्सिस’ हे असं: माणसं श्रम करतात, त्यातून जग घडतं, आणि त्या घडलेल्या जगात माणसं पुन्हा घडतात. शेताकडे पाहणारा माझा डोळासुद्धा त्यातच तयार झाला.

इथे ॲरिस्टॉटलची वाटणी मोडते. ज्याला तो खालचं समजत होता ते घडवणं आणि राबणं मार्क्सनं मधोमध आणून बसवलं. ‘भांडवल’मध्ये तो म्हणतो, मधमाशीचं पोळं कितीही रेखीव असलं तरी साध्यातला साधा स्थपती तिच्याहून वेगळा आहे, कारण बांधण्याआधी त्याच्या डोक्यात इमारत उभी असते. वेरूळचं कैलास लेणं पाहताना हे अंगावर येतं. आठव्या शतकातलं ते काम शिखराकडून पायाकडे कोरत आणलं आहे. छिन्नीनं उडालेला दगड परत लावता येत नाही, म्हणजे सबंध देऊळ डोक्यात असल्याशिवाय वरचा पहिला घाव घालता येत नव्हता. याला विचार नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? धोट्याचं ते वाक्यही मार्क्सनं उद्धृत केलं आहे. यंत्र आलं, धोटा आपोआप चालू लागला, तरी कामगाराचे तास कमी झाले नाहीत, याकडे त्याचं बोट होतं.

अमेरिकेत तत्त्वज्ञ जॉन ड्युई वेगळ्या वाटेनं जवळपास तिथेच पोचला. ग्रीकांनी जाणण्याला करण्याच्या वर बसवलं, कारण करणं गुलामांच्या आणि कारागिरांच्या वाट्याला होतं; विचारातली ती फूट समाजातल्या फुटीची सावली होती, असं त्याचं विश्लेषण आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात या ड्युईंच्या वर्गात भीमराव आंबेडकर बसत होते. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी लिहिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. स्वकर्मातला काटा या एका वाक्यानं उघडा पडतो. काम वाटून घेणं वेगळं आणि माणसं वाटून टाकणं वेगळं.

१९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. त्या कॉलेजला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा बौद्ध भिक्खू. त्यांच्या संवादात राजा चर्चा मागतो तेव्हा नागसेन अट घालतो: पंडितांसारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. पंडित चूक दाखवली तर मान्य करतात, राजा चूक दाखवणाऱ्याला शिक्षा करतो. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या कॉलेजासाठी याहून नेमकं नाव मला सुचत नाही.

हाना आरेंट या जर्मन विदुषीनं १९५८ मध्ये मार्क्सलाच अडवलं. तिनं पुन्हा तीन वाटण्या केल्या. श्रम, म्हणजे पोटासाठी रोज करायचं आणि रोज संपणारं काम: दळण, सरपण, पाणी. निर्मिती, म्हणजे मागे टिकणारी वस्तू: पैठणी, लेणं. आणि कृती, म्हणजे माणसांनी माणसांत उभं राहून बोलणं, एकत्र येऊन काहीतरी नवं सुरू करणं. तिची तक्रार अशी की मार्क्सनं सगळ्या करण्याला श्रमाच्या मापानं मोजलं आणि तिसरी गोष्ट हरवली. पोट भरलेली, पण चार माणसांत बोलण्याची जागा नसलेली माणसं स्वतंत्र नसतात, हे हिटलरच्या जर्मनीतून पळावं लागलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

मला तिचं निम्मं पटतं. उरलेलं निम्मं पटत नाही ते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीमुळे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. ‘यंदा किती कोयते आहेत?’ असं सहज विचारलं जातं. ॲरिस्टॉटलचं ‘जिवंत हत्यार’ वाचून आपण त्याला नावं ठेवतो आणि इथे माणसाला रोज हत्याराच्या नावानं मोजतो. पहाटे फडात जाणारी, रात्री खोपटात चूल पेटवणारी ती बाई आरेंटच्या ‘कृती’साठी कधी उभी राहणार? तिच्या गावची ग्रामसभा भरते तेव्हा ती चारशे किलोमीटरवर असते. पोटाचा प्रश्न घरी ठेवून चौकात या, असं म्हणणाऱ्या विचारात ग्रीकांची ती जुनी सवड गुपचूप परत येते.

म्हणून मी दोन्ही टोकं धरून बसलो आहे. जुन्यांकडून प्रश्न घ्यावा: इथे, आत्ता, या माणसाशी नीट वागणं म्हणजे काय? आधुनिकांनी या प्रश्नाला फार वेळा तंत्राचं उत्तर दिलं, नियम लावा, आकडा पाहा, मोबाइलवरचा संदेश वाचा. तंत्र वाईट नाही. पण वाफसा संदेशात येत नाही. आणि प्रश्न कोणाला विचारायचा, हे मार्क्सकडून, ड्युईकडून, बाबासाहेबांकडून शिकावं. तारतम्य सवडीतून येतं ही समजूत सोडली की ते कुठे कुठे दिसायला लागतं.

मला ते उशिरा दिसलं. आबांची मूठ मी आयुष्यभर सांगत आलो, पण त्या आठवणीत एक माणूस आणखी होतं, त्याला मी कधी मोजलं नाही. आमच्या तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरायला गावातली एक मावशी यायची. तिला स्वतःचं रान नव्हतं. तीन नळ्यांतून सारखं बी पडेल असा तिचा हात होता; उगवण झाल्यावर तास, म्हणजे पिकाच्या ओळी, पाहून लोक विचारायचे, मूठ कुणाची होती म्हणून. आबा मातीचा लाडू सोडायचे, तो फुटायचा, आणि तरी ते तिफण जुंपा असं लगेच म्हणायचे नाहीत. ते तिच्याकडे पाहायचे. ती अनवाणी दोन-चार तासं चालून यायची, तळव्याला लागलेली माती दुसऱ्या पायाच्या बोटानं खरडून बघायची.

एका वर्षी ती म्हणाली, “दादा, आज ऱ्हाऊ द्या. खालून गार लागायलंय अजून.”

आबांनी बैल सोडले.